कापलेला उंबरठा

मीनाच्या नव्या फ्लॅटमध्ये राजस्थानी झरोक्यात बसवलेला आरसा आहे, छताला विलायती झुंबर आहे आणि स्वयंपाकघराच्या दाराला जुन्या बाजारातून आणलेली सागवानी चौकट. कुणाच्या तरी पाडलेल्या घराची. तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं अजून पुसट दिसतात. उंबरठा मात्र मीनाने सुताराकडून कापून घेतला. "फरशी सलग हवी होती गं. उगाच पाय अडखळतात."

तिचे ऐंशीचे वडील पाणी प्यायला उठले. चौकटीपाशी क्षणभर थांबले आणि नसलेल्या उंबरठ्यावरून पाय उचलून आत गेले.

"बाबा, तिथं काही नाहीये," मीना म्हणाली.

"माहीत आहे गं. पायाला कोण सांगणार?"

मी काय बोलणार? माझ्याही दिवाणखान्यात पितळी समया नुसत्या शोभेला उभ्या आहेत, वर्षानुवर्षं तेलावाचून. नक्षी आपण हौसेने घरी आणतो. आत पाऊल टाकण्याआधी जरा थांबवणारं चार बोटं लाकूड तेवढं आपल्याला अडचणीचं होतं.

मीना चहा घेऊन आली. दोन्ही हातांत ट्रे, नजर कपांवर. चौकटीपाशी आली आणि तिनेही पाय उचलला.