पक्की बॅच

माझे धाकटे दीर चौतीस वर्षं एका खोलीत उभे राहून तेलाच्या थेंबांना कवचं चढवत होते. आमचे हे हयात असताना पाहुण्यांना त्यांची ओळख करून देत, "हा आमचा धाकटा. तेलाला कपडे शिवतो." पाहुणे हसत, भावोजीही हसत, आणि मग पुढचा तासभर त्यांना कोणी काही विचारत नसे.

कारखान्यात त्यांना सगळे थेंबकाका म्हणत. त्यांनी लग्न केलं नाही. माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर त्यांची एक खोली होती. हे गेल्यानंतरही ते दर रविवारी दहाला येत, वर्तमानपत्र वाचत आणि साडेअकराला उठत. "येतो, वहिनी." कित्येक रविवारी माझ्या रोजनिशीत त्यांच्या नावावर एवढंच एक वाक्य आहे.

त्यांचं काम मी एकदाच पाहिलं. कारखान्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा कामगारांच्या घरच्यांना आत सोडलं होतं. खिडकी नसलेली स्वच्छ खोली, मधोमध पिंपाएवढं स्टीलचं भांडं, त्यात फिरणारा पंखा. कोमट पाण्यात जिलेटिन आणि डिंक विरघळवलेला, त्यात तेल. पंख्याने तेलाचे इतके बारीक थेंब होत की नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसत नसत. मग भावोजी वरून आम्ल सोडत, थेंब थेंब. किती सोडलं ते दाखवणारं यंत्र शेजारीच होतं, पण त्यांची नजर पाण्यावर. एका क्षणी पाणी दुधाळ झालं.

"धरलं," ते म्हणाले. घरी त्यांचा इतका खुशीतला आवाज मी कधी ऐकला नव्हता.

धरलं म्हणजे जिलेटिन आणि डिंक पाण्यातून सुटून प्रत्येक थेंबाभोवती सायीसारखे जमले. मग बर्फाच्या पाण्याने भांडं गार करायचं, म्हणजे साय घट्ट बसते. शेवटी एक औषध घालून कवच टणक करायचं. औषधाआधी बॅच कच्ची, औषधानंतर पक्की. त्या खोलीत 'पक्की' या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता.

पूर्वी ही कवचं पावतीपुस्तकाच्या कागदावर लावत. पेनाचा दाब पडला की ती फुटत आणि खाली दुसरी प्रत उमटे. तो कागद मागे पडल्यावर कारखान्याने रंगाचं काम घेतलं. पुलांच्या लोखंडाला द्यायच्या रंगात अळशीच्या तेलाची कवचं मिसळायची. रंगावर ओरखडा गेला की तिथली कवचं फुटतात, तेल चरीत उतरतं, हवा लागून सुकतं आणि लोखंड गंजत नाही. जखमेवर खपली धरावी तसं.

भावोजींना साठ वर्षं पूर्ण होत होती. मोठे साहेब म्हणाले होते, "थेंबकाका, रंगाची बॅच चाचणीत पास झाली की तुम्हाला आणखी दोन वर्षं ठेवून घेतो." हे सांगायला ते चक्क बुधवारी माझ्याकडे आले. रविवार नसताना ते आल्याचं मला दुसरं आठवत नाही.

"दोन वर्षांनी तरी घरी बसायचंच आहे ना?" मी म्हटलं.

"दोन वर्षांनी बघू," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत, "माझ्या खोलीत सोमवारी दिवसा कसं वाटतं, मला माहीतच नाही हो."

चाचणीची बॅच त्यांनी केली. दुपारी औषध घालून झालं. तेवढ्यात ऑफिसातून नव्या मॅडमचा फोन आला. मुलगी हुशार, पण त्या खोलीत पाऊल न टाकलेली. "काका, आजची बॅच पक्की करा," एवढं म्हणून तिने फोन ठेवला. तिला म्हणायचं होतं की हीच बॅच चाचणीला पाठवायचं नक्की करा, तसा कागद भरा. भावोजींनी भांड्याकडे पाहिलं. बॅच तर पक्की होती. म्हणजे रंगवाल्यांना आणखी टणक हवी असणार, वाटेत फुटू नये म्हणून, असं त्यांनी ठरवलं. पुन्हा औषध घातलं आणि चार तास पंखा फिरवत उभे राहिले.

पंधरा दिवसांनी निकाल आला. रंगवलेल्या पत्र्यांवर सुरीने चरी पाडून ते मिठाच्या पाण्यात ठेवले होते. प्रत्येक चरी तांबूस गंजली होती. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर चरीच्या दोन्ही बाजूंना कवचं अख्खीच्या अख्खी, वाटाण्यासारखी बाजूला सरकलेली. एकही फुटलं नव्हतं.

साहेबांनी दोघांना बोलावलं. मॅडमने आढेवेढे घेतले नाहीत. "सर, 'पक्की करा' मीच म्हणाले. चूक माझी आहे."

"तुला इथे चार महिने झालेत," साहेब म्हणाले. "काका, तुम्हाला चौतीस वर्षं. एकदा पक्की झालेली बॅच पुन्हा पक्की करा म्हटल्यावर तुम्हाला नवल नाही वाटलं?"

"वाटलं."

"मग फोन उचलून विचारायचं की! एका मिनिटाचं काम."

दोन वर्षांचा विषय तिथेच संपला. त्या दिवसापासून कारखान्यात कुठलंही काम कच्चं राहिलं की पोरं म्हणत, "थेंबकाकांकडे द्या रे, पक्कं करून आणतील."

हे सगळं त्यांनी मला तीन रविवारांत मिळून सांगितलं. तिसऱ्या रविवारी मीही तोच प्रश्न विचारला. का नाही विचारलंत?

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"फोन उचलला होता, वहिनी. विचारायचं कसं तेच सुचेना. चौतीस वर्षांत मी त्या फोनवरून कोणाला काही विचारलेलंच नाही."

नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात मॅडम त्यांच्याकडे काम शिकायला उभी राहिली. पाणी नेमकं केव्हा धरतं हे भावोजींना शब्दांत सांगता येईना. ती विचारी, "आता?" ते म्हणत, "नाही." "आता?" "नाही." "आता तरी?" "हं." असे चार दिवस. पाचव्या दिवशी ती आपणहून म्हणाली, "धरलं," आणि ते बरोबर होतं. मग भावोजी घरी आले.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकराला, माझा फोन वाजला. फोनवर भावोजी होते. त्यांनी मला केलेला हा पहिला फोन.

"वहिनी, एक विचारायचं होतं."

"विचारा ना."

"सुती शर्टाला इस्त्री किती गरम ठेवायची?"

हा माणूस चाळीस वर्षं आपले शर्ट स्वतः इस्त्री करत होता. कॉलर माझ्या हातूनही तशी होत नाही.

मी म्हटलं, "शर्ट पूर्ण सुती आहे का? की टेरिकॉटचा?"

"थांबा हं. बघून सांगतो."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग त्यांची पावलं, मग कपाटाचं दार. मी खुर्ची ओढून फोनजवळ बसले.