कोटाची घडी

मी आयुष्यात एकच कोट शिवून घेतला, आणि त्या वेळी मला जेवढे प्रश्न विचारले गेले तेवढे लग्न ठरवतानासुद्धा कुणी विचारले नव्हते. त्यांतल्या निम्म्यांची उत्तरं मला अजून येत नाहीत.

तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते आणि कोथरूडच्या एका शाळेच्या ऑफिसात सतरा वर्षं दाखले लिहीत होते. येरवड्याच्या पुढे कॉम्प्युटरच्या कंपन्या नव्याने उभ्या राहत होत्या. त्यांतल्या एकीत ऑफिस सांभाळायला बाई हवी होती. मी कुणाला न सांगता अर्ज टाकला. मुलाखतीचं पत्र मात्र घरच्या पत्त्यावर आलं, त्यामुळे गुपित तिथेच संपलं. नवरा म्हणाला, "बघ बुवा." मुलगी म्हणाली, "कूल!" शाळेतली मैत्रीण म्हणाली, "साडीवर चांगला ब्लेझर घाल. आणि शिवूनच घे. तयार घेतलास तर पोत्यात भरल्यासारखी दिसशील." फक्त आमच्या थोरल्या जाऊबाई काही म्हणाल्या नाहीत.

त्यांना मी अक्का म्हणते. धायरीचं आमचं घर एकत्र, खाली सासूबाई आणि अक्का, वर आम्ही. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मुलगी वर्षाची असताना मी नोकरी धरली, ती अक्कांच्या जिवावर. मुलगी त्यांच्याच कडेवर वाढली. शाळेतून मी निदान संध्याकाळच्या चहाला घरी यायची. नव्या नोकरीत आठ वाजणार होते. अक्का नको म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते, हो म्हणाल्या असत्या तर पाया पडले असते. पण त्या पत्राविषयी एक अक्षर न काढता भाकऱ्या थापत होत्या. राग होता की संमती, मला काही उमगेना. तरी मी कोट शिवायला टाकला. हे धाडस होतं की निर्लज्जपणा, तेही कळेना.

मैत्रिणीने सुचवलेले कॅम्पातले शिंपी नवरदेवांचे सूट शिवण्यात नावाजलेले. तीन पिढ्यांचं दुकान. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि सुरुवात केली. बटण एक की दोन? मागे काप एक की दोन? पदर कोटाच्या आत की बाहेर? मी प्रत्येक वेळी "तुम्हाला काय वाटतं?" म्हणत होते. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, घालणार कोण, आपण की मी?"

मापं त्यांच्या बायकोने पडद्याआड घेतली. ती आकडे सांगायची आणि ते बाहेर वहीत लिहायचे. "नेहमी उभ्या राहता तशा उभ्या राहा," ती म्हणाली. मी नेहमी कशी उभी राहते हे मला आठवेना. ताठ झाले तर ती म्हणाली, "हे फोटोतलं झालं." अंग सैल सोडलं तर म्हणाली, "आता दमलात." मग तिने बाहेर हाक मारून सांगितलं, "डावा खांदा उतरता आहे." मी चमकले. इतकी वर्षं आरशात बघत होते, मला कधी दिसलं नव्हतं. "बॅग त्याच बाजूला अडकवता ना?" ती म्हणाली. "काळजी नको. डाव्या खांद्यात आतून भर जास्त घालतील. तुमचा कोट फक्त तुम्हालाच बसेल."

गडद निळा कोट घरी आला. एवढ्या पैशांत चार बऱ्या साड्या झाल्या असत्या, हे मी कुणी म्हणायच्या आधीच म्हणून टाकलं. आणि मग खरा घोटाळा सुरू झाला. आमच्याकडे नवीन साडी आली की घडी मोडायला अक्कांना द्यायची. त्या ती एक दिवस नेसणार आणि मगच ती माझी. त्यांच्या साडीची घडी मी मोडायची. वीस वर्षांत ही रीत चुकली नव्हती. कोट द्यायचा का? दिला तर टोमणा वाटेल. नाही दिला तर उघड नातं तोडल्यासारखं होईल. मी तो जिन्यावरून दोनदा खाली नेला आणि दोनदा वर आणला. तिसऱ्यांदा अक्कांनीच बघितलं.

"घडी मोडायची होती," मी पुटपुटले.

त्यांनी हँगरवरचा कोट खालीवर न्याहाळला. "ह्याला घडी कुठाय?"

"घालायची नाही म्हणून सांगितलंय, अक्का."

"मंग मोडायची काय?" म्हणाल्या, पण हात पुसले. पदर खोचून त्यांनी कोट अंगात घातला आणि कपाटाच्या आरशापुढे उभ्या राहिल्या.

अंगाने आम्ही सारख्याच. पण डाव्या खांद्याची जादा भर त्यांना उंटासारखी वर येणार, म्हणून मी वाट बघत होते. ती आली नाही. कोट त्यांना चापूनचोपून बसला, खांदे एका रेषेत. माझी मुलगी अक्कांच्या डाव्या कडेवर असायची ते मला तेव्हा आठवलं, आणि मला फार लाज वाटली.

"तितं काय इचारत्यात?" आरशातूनच अक्का म्हणाल्या. "इचार मला."

थट्टा चालली आहे की काय, समजेना. तरी मी घसा साफ केला. "यापूर्वी आपण कुठे काम केलंत?"

अक्कांनी कोटाचं बटण लावलं. "म्होरचं इचार."

"किती वर्षं?"

"सतरा," त्या लगेच म्हणाल्या.

त्यांनी कोट काढला आणि हँगरला लावून माझ्या हातात दिला. "सैल न्हाय, घट्ट न्हाय. जा तू. आईंचं मी बघती, त्यात काय नवं हाय?" आणि त्या भाकऱ्या थापायला गेल्या. एवढे दिवस त्या रागावल्या होत्या की नव्हत्या, हे मी तेव्हाही विचारलं नाही.

मुलाखतीला पदर आत ठेवला, बटण लावलं, मग काढलं, मग परत लावलं. समोरच्या साहेबांनी विचारलं, "अनुभव किती वर्षांचा?" मी "सतरा" म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि ती सगळी वर्षं माझ्या नावापुढे लिहून घेतली.