खैरुन्निसाने उतरवलेला विमा

देहूरोडच्या बाजारात रहिमान मिस्त्रीला ओळखत नाही असा लॉरीवाला नव्हता, आणि एकदा ओळख झाल्यावर आपल्या पायाने पुन्हा त्याच्याकडे जाणारा लॉरीवालाही फारसा सापडत नसे. काम चोख होतं, त्याबद्दल कोणी ब्र काढणार नाही. पण मिस्त्रीने बॉनेट उघडलं की ती लॉरी मालकाची राहत नसे. काम अर्धं सोडायचं नाही, हे त्याचं ब्रीद होतं आणि ते तो येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवी. गिऱ्हाईक बिचारं गाडीत सुकत चाललेल्या भाजीकडे बघत मान डोलवी.

या माणसाबरोबर खैरुन्निसाने जन्म काढला. ती चाकणची. लग्न झालं तेव्हा मिस्त्रीचं दुकान चिंचवडला होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत देहूरोडला लष्कराचा डेपो आला तसा तो लष्करी गाड्यांच्या मागोमाग इकडे आला. घरात दखनी बोलायचे, बाजारात मराठी, आणि भांडण झालं की दोघंही मराठीवर येत, कारण शेजाऱ्यांना कळलं नाही तर भांडणाचा उपयोग काय. मुलगा हनीफ बापाच्याच दुकानात होता. त्याला स्वतःची दोन मुलं झाली होती, तरी बापासमोर ‘कितीचा पाना देऊ’ यापलीकडे काही बोलायची त्याला मुभा नव्हती.

मिस्त्रीला एक गोष्ट सांगायची फार हौस. लढाईच्या आधीची, चाकणच्या कांद्याच्या लॉरीची. गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटलेला, पुण्यात मिळत नव्हता, तर याने बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव भट्टीत तापवून नवा पाटा घडवला आणि गाडी त्याच दिवशी चाकणला नेऊन उभी केली. ऐकणारा वाहवा करी. गोष्ट सुरू झाली की खैरुन्निसा उठून आत जाई. मिस्त्रीला वाटे, ती चहा ठेवायला गेली.

पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना निघाला त्या साली मिस्त्रीने हजला जायचं ठरवलं. आता माणसं सहजासहजी मरणार नाहीत असं पेपरवाले लिहीत होते, आणि नेमका तेव्हाच हा मरायला अरबस्तानात निघाला होता. होय, मरायलाच. त्याने ते लपवून ठेवलं नव्हतं. एवढ्या लांब जायचं, बोटीचे हाल सोसायचे, तर अल्लाने तिथेच उचलावं आणि तिथल्याच मातीत ठेवावं, एवढीच त्याची मागणी होती. बाजारात जो भेटेल तो हात वर करून म्हणे, तिथलीच माती नसीब होवो. मिस्त्री खूश होऊन ‘आमीन’ म्हणे.

हजला जाणारा पुण्यवान, तिथे मरणारा त्याहून पुण्यवान, आणि त्याची घरी राहिलेली बायको सगळ्यांत पुण्यवान, यावर बाजारात एकमत झालं होतं. हे पुण्य नको असेल तर कुणाकडे परत करायचं, ते मात्र कोणी सांगत नव्हतं. खैरुन्निसाचे गुडघे तिला नळापर्यंत पोचवतानाही कुरकुर करीत, तेव्हा तिने बरोबर जायचा प्रश्नच नव्हता. तिला नवरा परत हवा होता. तो तोंडाळ होता, हट्टी होता, पण तो खोकला की तिला झोप लागायची. एवढी साधी गोष्ट बोलून दाखवायला घरात जागा नव्हती, कारण घरात पाहुणे मुबारकबाद द्यायला बसलेले.

ती बोलली ती शेजारच्या सुभद्राबाईजवळ. सुभद्राबाई साताऱ्याकडची, तिचा नवरा ज्योतीराम डेपोत कामाला. त्याने नुकताच विमा उतरवला होता, आणि त्यामुळे सुभद्राबाईला त्या विषयातलं सगळं कळायला लागलं होतं.

“इमा उतरवा की मिस्त्रींचा,” ती म्हणाली. “हप्ता भरायचा. माणूस मेला की कंपनीला पैशे द्यावं लागत्यात.”

“मला पैसे काय करायचेत?”

“अवो, पैशे द्यावं लागत्यात म्हनूनच तर. आपला मानूस जगावा असं कंपनीला लई वाटतं. हे साधे शिंकले तरी त्यो एजंट इचारून जातो.”

खैरुन्निसा तांदूळ निवडायची थांबली. म्हणजे साऱ्या दुनियेत रहिमान मिस्त्रीने जिवंत परत यावं असं वाटणारं, तिच्याखेरीज, आणखी कोणीतरी होतं. त्यांचं ऑफिस होतं, शिक्का होता. तिने त्याच दिवशी हनीफला चिंचवडला धाडलं.

तेव्हा विमा कंपन्या सरकारने ताब्यात घेतलेल्या नव्हत्या. दर गावाला चार कंपन्यांचे चार एजंट सायकलवरून फिरत आणि माणूस मेल्यावर किती सुखी होतो ते घरोघर समजावून सांगत. चिंचवडचे बबनराव त्यांतले जरा जास्त गोड. मिस्त्री दुकानात असताना ते आले, सायकल दाराला लावून बसले आणि चहा येण्याआधीच मिस्त्री त्यांना वडिलांसारखा वाटू लागला.

“चाची, काळजी सोडा,” ते म्हणाले. “कंपनी तुमच्या पाठीशी आहे.”

“बोटीवर कंपनीचा माणूस असतो का?” खैरुन्निसाने विचारलं. “ताप आला, चक्कर आली, तर बघायला?”

“बोटीवर... नाही.”

“मग जिद्द्याच्या बंदरात उतरल्यावर भेटंल.”

“तिथंही नाही. काही झालं तर आपण कळवायचं. म्हणजे, झाल्यानंतर.”

“मेल्यावर कळवून कंपनी काय करनार?”

एवढ्या वर्षांच्या धंद्यात बबनरावांना हे कोणी विचारलं नव्हतं. ते चहा प्यायले. मग त्यांनी वयाचा विषय काढला. पंचावन्नच्या पुढच्या माणसाला कंपनी शक्यतो हात लावत नाही, त्यात समुद्राचा प्रवास, त्यात परदेशात इतके महिने. म्हणजे ज्याला धोका नाही त्याचा विमा कंपनी आनंदाने उतरवते. ज्याला धोका आहे त्याने आधी धोका टाळून मग यावं. तरी बबनरावांचा वर्षाचा आकडा भरत नव्हता, म्हणून त्यांनी आवाज खाली आणून वय चोपन्न लिहू म्हणून सुचवलं. फक्त डॉक्टरसमोर मिस्त्रींनी जरा ताठ बसावं, बाकी ते बघून घेतील.

मिस्त्रीला यातलं काही सांगितलं तर तो घर डोक्यावर घेईल, हे खैरुन्निसाला ठाऊक होतं. तिने त्याला सांगितलं की बोटीवर चढण्याआधी तब्येत दाखवावी लागते. हे अगदीच खोटंही नव्हतं. टांगा करून ती स्वतः त्याच्याबरोबर चिंचवडला गेली आणि डॉक्टरच्या खोलीत दाराजवळच्या बाकावर बसली.

मिस्त्रीची छाती खणखणीत निघाली. नाडी ठीक, डोळे ठीक. बबनराव डॉक्टरमागे उभे राहून मिशीत हसत होते. डॉक्टरने वय विचारलं.

“प्लेगाच्या साली मी बकऱ्या राखत हुतो,” मिस्त्री म्हणाला. “आता तुमीच मोजा.”

बबनरावांनी चोपन्नचं काहीतरी पुटपुटून बघितलं. मिस्त्रीने त्यांच्याकडे वळून साठी कधीच उलटली म्हणून ठणकावून सांगितलं. हजला निघालेला माणूस, वय लपवून कसं चालेल. डॉक्टरने ते सोडून दिलं आणि सहज विचारलं, “परत कधी येणार?”

“परत कशाला?” मिस्त्रीचा चेहरा फुलला. “तितंच मरायचं हाय. तेवढ्यासाठीच तर चाललोय. तुमीबी दुवा करा.”

डॉक्टर भला माणूस होता. एवढ्या म्हाताऱ्याने हात जोडून मागितलं तर नाही कसं म्हणायचं. “देव तुमची इच्छा पुरी करो,” तो म्हणाला. कंपनीच्या डॉक्टरने कंपनीच्याच खुर्चीत बसून हा आशीर्वाद दिला. बबनराव बाहेर येऊन पायरीवर बसले.

“चाची,” ते खैरुन्निसाला म्हणाले, “कंपनी मरणाचा धोका घेते. मरणाची हौस घेत नाही.”

मात्र रिकाम्या हाताने जाईल तर तो एजंट कसला. दुसऱ्या एका कंपनीत सामानाचा विमा होतो, असं त्यांनी सांगितलं, आणि मिस्त्रीच्या पत्र्याच्या पेटीचा विमा उतरवून ते गेले. पेटी हरवली, चेपली, भिजली तर कंपनीला दुःख होणार होतं. पेटीचा मालक हरवला तर कोणाची काही तक्रार असणार नव्हती. त्या दिवशी घरी येताना टांग्यात खैरुन्निसा रडली, आणि मिस्त्रीने धूळ फार झाली म्हणून टांगेवाल्याला झापलं.

निघायचा दिवस आला. हजला जाणाऱ्याने सगळ्यांशी मिटवून जायचं असतं. बोललं-चाललं माफ करा, असं दारोदार जाऊन म्हणायचं आणि समोरच्याने ‘माफ केलं’ म्हणायचं. माणसाचा माणसाशी झालेला गुन्हा त्या माणसानेच माफ करायचा असतो, तिथे अल्लाही मध्ये पडत नाही, असं मशिदीतले मौलवी आठवडाभर सांगत होते. मिस्त्री सकाळपासून बाजारभर फिरला. ज्यांची भाजी सडवली, ज्यांना भर रस्त्यात शिव्या घातल्या, त्या सगळ्यांनी त्याला मोठ्या मनाने माफ केलं. एवढ्या लांब मरायला चाललेल्या माणसाला माफ करायला काय जातं? वर तिथलीच माती नसीब होवो, हेही म्हणाले.

शेवटी तो आपल्या अंगणात आला. गळ्यात हार, अंगणभर माणसं, पेटी टांग्यात चढलेली. बायकोची माफी म्हणजे रिवाज. तिचा नंबर शेवटी लागला यात कोणाला वावगं वाटलं नाही. टांग्याकडे बघत तो घाईघाईने म्हणाला, “हनीफची मा, बोललं-चाललं माफ कर.”

“न्हाई,” खैरुन्निसा म्हणाली.

तिने हे ठरवलं नव्हतं. शब्द तोंडातून गेला आणि मग तिलाच ऐकू आला.

“काय न्हाई?”

“माफ न्हाई केलं. चाकणच्या लॉरीचं.”

“ती लॉरी?” मिस्त्री म्हणाला. “आगं, ती तर मी धाव तापवून पाटा...” आणि तो थांबला. इतकी वर्षं सांगितलेली गोष्ट त्याला पहिल्यांदाच दुसऱ्या बाजूने दिसली असावी.

त्या दिवशी खैरुन्निसाची आई चाकणला शेवटच्या घटका मोजत होती. निरोप आला तेव्हा ती कांद्याची लॉरी चिंचवडच्या दुकानात उभी होती. मिस्त्री म्हणाला, हीच चाकणला जायची आहे, पाटा बसवला की हिच्यातूनच जाऊ. तेवढ्यात चाकणला उतारू नेणारी सर्व्हिस मोटार दुकानासमोरून गेली. ती डबडं आहे, वाटेत बंद पडेल, म्हणून त्याने तिला तीत बसू दिलं नाही. काही वेळाने दुसरी गेली. तिच्याबद्दलही त्याचं मत चांगलं नव्हतं. लॉरी चाकणला पोचली तेव्हा माणसं कबरस्तानातून परत येत होती. पाटा मात्र उत्तम बसला होता.

सगळ्यांनी मौलवींकडे बघितलं. मौलवी आपल्याच शब्दात अडकले होते, ते म्हणाले, “बेटी, एवढं मन मोठं कर.” खैरुन्निसाने त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती नवऱ्याकडे बघत होती. त्याच्या चेहऱ्यावर सकाळपासून जी घाई होती ती उतरली होती. ते बघून तिला कळलं की कुठल्याच कंपनीने जे दिलं नाही ते आपल्या हातात आहे. तिच्या पोटात भीतीही होती आणि जुना रागही. तो राग खोटा नव्हता.

“परत या,” ती म्हणाली. “मग बघू.”

ती आत गेली आणि वाटेसाठी बांधलेल्या भाकऱ्यांची पुरचुंडी आणून त्याच्या हातात दिली. टांगा स्टेशनकडे गेला. बाजाराने तिला कठोर काळजाची ठरवलं आणि सुभद्राबाई सोडून बायका तिच्या दारावरून लवकर लवकर जाऊ लागल्या. पावसाळा तिने तसाच काढला. मुंबईला बोट लागल्याची बातमी कोणी आणली की ती दारात येऊन उभी राही.

पावसाळा सरता सरता मिस्त्री परत आला. विमा उतरवलेली पेटी जिद्द्याच्या धक्क्यावर हरवली होती. विमा न उतरवलेला माणूस चालत अंगणात आला. निम्मा झाला होता. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लटकत होता. माणसं भेटून, खजूर आणि जमजमचं पाणी घेऊन गेली तेव्हा तो भिंतीला टेकून बसला.

“मक्केजवळ मिनात ताप आला,” तो म्हणाला. “लई मोठा. तंबूतली मानसं म्हनाली, नशीबवान हायेस, आता शेवटचा कलमा म्हन. मी म्हनालो, थांबा राव. घरी एक काम अर्धं ऱ्हायलंय.”

खैरुन्निसाने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

“तुला त्या सर्व्हिस गाडीत बसवायला पायजे हुतं,” तो म्हणाला. “पयल्याच. आईचं तोंड तरी दिसलं असतं. माझं चुकलं.”

हे ऐकायला तिने किती वर्षं वाट बघितली होती ते तिचं तिलाच माहीत. राग तर त्याच क्षणी गेला. शोधायला गेली तरी सापडला नसता. ‘माफ केलं’ हे शब्द तिच्या ओठांवर आले. मग तिने त्याच्या गळ्याची वर आलेली हाडं बघितली, मनगटं बघितली. काम पुरं झालं की हा माणूस हत्यारं पुसून ठेवतो आणि उठतो, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

“ऐकलं,” ती म्हणाली.

“मग माफ केलंस?”

“एवढं मोठं एकदम कसं हुईल?” ती चुलीकडे वळली. “करीन. जमंल तसं, हप्त्याहप्त्यानं. आता हात धुवा आन जेवायला बसा.”