रजईच्या पोटातली भाकरी

रत्नप्रभाला जयपुरात येऊन बारा वर्षं झाली, त्यातली अकरा तिनं उघड्यावर काढली. नवरा रस्त्याच्या ठेकेदाराबरोबर बार्शीहून इकडे आला, येताना हिला घेऊन आला, आणि काम संपल्यावर हिला इथंच टाकून पुढच्या कामावर गेला. गेला ते एका परीनं बरंच झालं म्हणा, तो गडी तसल्याच लायकीचा होता. पण हिचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला, काखेत कुबडी. अशा बाईला काम कोण देणार? मोतीडुंगरीच्या फुटपाथवर बुधवारी गणपतीच्या दर्शनाला गर्दी व्हायची, तेवढा एक दिवस पोट भरायचं. थंडीत रैनबसेऱ्यात, म्हणजे सरकारी रात्रनिवाऱ्यात, पाठ टेकायची आणि उजाडलं की बोचकं उचलून चालू पडायचं.

मग कौमुदी आली. विमा कंपनीतल्या अधिकाऱ्याची मुलगी, जयपुरातच वाढलेली, मराठी बोलताना दर वाक्याला अडखळणारी. बेघरांसाठी चालणाऱ्या तिच्या संस्थेची रीत उलटीच होती. बाकीचे म्हणत, आधी काम शोध, कागद आण, मग निवाऱ्याचं बघू. ही म्हणाली, "मावशी, आधी खोली. मतलब, काम नंतर. दार बंद करून झोप झाल्याशिवाय माणूस कामाला कसा लागणार?"

रत्नप्रभाला वाटलं, पोरगी खुळी तरी आहे नाहीतर लबाड तरी. फुकट कोण काय देतं? पण टिळक नगरमागच्या गल्लीत खरंच खोली मिळाली. तळमजला, मोरी आत, खिडकीला गज. पहिला महिनाभर बाई बोचकं बांधलेलंच ठेवून दाराशी झोपली, कुणी उठवलंच तर पळता यावं म्हणून. दुसऱ्या महिन्यात बोचकं सोडलं आणि कौमुदीला म्हणाली, आता हाताला काम दे, रिकामं बसून अंगाला कीड लागेल.

काम रजयांचं. मालवीय नगरात संस्थेचा कारखाना होता. कुणी बहिरं, कुणी पायानं अधू, कुणी कालपर्यंत पुलाखाली राहिलेलं. पिंजलेला कापूस पसरायचा, वर कापड घालायचं, टाके घालायचे. रत्नप्रभानं सुई धरली आणि सगळे बघत राहिले. माहेरी गोधड्या शिवूनच तिची बोटं तयार झालेली.

वर्ष भरत आलं. खोलीचा करार संस्थेच्या नावावर होता. पुढचा तिच्या नावावर करायचा, भाडं तिनं पगारातून द्यायचं, असं ठरलेलं. घरमालक भगवानजी मात्र अडून बसले. म्हणाले, "बाई भली आहे, पण कायम नोकरीचं पत्र दाखवा. नाहीतर खोली रिकामी करा." पत्र मिळणार होतं पहिली मोठी ऑर्डर पास झाल्यावर. वैशाली नगरातल्या एका हॉटेलच्या चाळीस रजया. शेवटचे कोपरे सगळे रत्नप्रभानंच बंद केले, आणि घोळ नेमका तिथंच झाला.

हॉटेलचा खरेदी अधिकारी निनाद, पुण्याचा तरुण, रजया तपासायला आला. कोपऱ्यावरून हात फिरवताना त्याला काहीतरी टणक लागलं. त्यानं शिवण उसवली, तर आतून निघाला वाळलेल्या भाकरीचा तुकडा. दुसरी उसवली, तिच्यातही. तिसरीत तर मुंग्या.

कौमुदीनं सोनलकडे पाहिलं. सोनल बहिरी पोर, घड्या घालायची, आणि जेवणाचा डबा तिथंच उघडायची. तिला खाणाखुणांनी विचारणं सुरू झालं. पोरीला काही कळेना, नुसती डोळे पुसत उभी.

रत्नप्रभा गप्प बसली असती तर? तिच्या मनात आलं ते, खोटं कशाला सांगा. पत्र हाताशी आलं होतं. गप्प बसलं की ठपका सोनलवर, पत्र आणि खोली आपली. पण सोनलच्या जागी आपण कितीदा उभ्या राहिलो, ते तिला आठवलं. फुटपाथवर काही चोरीला गेलं की पहिलं बोट हिच्याकडेच वळायचं. ती कुबडीवर उठली.

"तिला सोडा. भाकरी मी घातली. आमच्याकडं गोधडी पुरी झाली की शेवटच्या टाक्याआधी तिला घास भरवतात. तिला उपाशी ठेवली तर तिच्याखाली निजणारा उपाशी राहतो, असं आई सांगायची. हात सवयीनं गेला. हॉटेलात हे चालायचं नाही, हे माझ्या टाळक्यात आलं नाही."

निनादला हसावं की रागवावं कळेना. "सोमवारपर्यंत चाळीसही रजया साफ हव्यात," तो म्हणाला. "उसवल्याची खूण दिसली तर ऑर्डर रद्द."

तीन दिवस होते. सगळे मदतीला धावले, पण गाठ कुठं मारलीय ते तिलाच ठाऊक. ती उसवायची, सोनल आतला चुरा झटकायची, मळलेला कापूस बदलायची, आणि पुन्हा टाका रत्नप्रभाच घालायची. बोटांना चिंध्या बांधून शिवलं बाईनं. रविवारी उन्हं कलायच्या आत चाळिसावा कोपरा बंद झाला.

सोमवारी निनादनं एकेक कोपरा उजेडात धरून पाहिला, नख लावून पाहिला. त्याला एकही जागा सापडली नाही. त्यानं सह्या केल्या आणि जाताना हळूच म्हणाला, "मावशी, माझ्या घरासाठी एक करा. घास भरवलेली." कौमुदीनं पत्र त्याच दिवशी दिलं. वर पोरींना कोपरे शिकवायचं कामही दिलं.

आठवड्यानं खोलीच्या करारासाठी सगळे नोटरीपुढं बसले. कारकुनानं हिंदीत नाव विचारलं, वय विचारलं, सध्याचा पत्ता लिहिला. मग विचारलं, "कायमचा पत्ता?"

भगवानजी म्हणाले, "गाव लिहा, सोलापूर जिल्हा." कौमुदीनंही मान हलवली. "मावशी, इथं गावाचंच लिहितात."

"गावात माझं कोण बसलंय?" रत्नप्रभा म्हणाली. तिनं टेबलावर बोट ठेवलं. "वरती लिहिलाय ना खोलीचा, तोच खाली लिहा."

कारकुनानं भगवानजींकडं पाहिलं. भगवानजी म्हणाले, "लिख दो भाई, वही लिख दो."

त्यानं लिहिलं. रत्नप्रभानं ते त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं, आणि मगच सही केली.