पायाळू अक्का

अक्काच्या डाव्या पायाला आमच्या गावात जेवढा मान होता, तेवढा सरपंचाच्या खुर्चीलाही नव्हता. अक्का पायाळू. जन्मताना तिचे आधी पाय बाहेर आले होते, आणि अशा माणसाने कमरेला पाय लावला की भरलेली उसण उतरते, अशी आमच्याकडची समजूत. यावलजवळचं आमचं गाव केळीचं. केळीचे घड खांद्यावर वाहून ट्रक भरणारा घरटी एकजण तरी असतोच. त्यामुळे सकाळी अक्काच्या उंबऱ्यापाशी कुणी ना कुणी पालथं पडलेलं असायचं. ती पदर खोचून कमरेला पाय लावायची, आणि पालथा माणूस वयाने मोठा असला तर लगेच वाकून त्याच्या पाया पडायची.

तिचं माहेर साक्रीकडचं. लग्न होऊन आमच्या गावी आली, म्हातारी झाली, पण आमची बोली काही तिने उचलली नाही, तोंडात अहिराणीच. पाय लावून झाला की ती हुकूम सोडायची, "पाटपर्यंत जाय. वाटमा बसू नको, मांगे देखू नको." पाट म्हणजे गावाबाहेरचा कालवा, केळीच्या बागांमधून जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाला. लोकांना वाटायचं, हा मंत्राचाच भाग. बिचारे कण्हत जायचे आणि परत येईस्तोवर बरेचसे सरळ झालेले असायचे. पाय फक्त पहिल्या दिवशी. त्यानंतर रोज नुसतं चालणं, आणि सगळ्यांच्या पुढे स्वतः अक्का.

मी तहसील कचेरीत कारकून. दिवसभर खुर्ची, जातायेता खड्ड्यांतून स्कूटर. चाळिशीतच कंबर अशी धरली की मोजे घालायला बायको लागू लागली. यावलच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मणक्यात दोष नाही, बसून बसून पाठीचे स्नायू ढिले पडलेत. रोज चाला, खुर्चीतून अधूनमधून उठा, कणा चालण्याने धरून राहतो. गोळ्या घेऊन घरी आलो आणि तरीही अक्काच्या दारात पालथा पडलो. माणसाची खोड जाते कुठे? तिने पाय लावला. मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं तेव्हा हसली. म्हणाली, "मन्हा पायमा काहीच नही शे. तुन्हा पायमा शे." मग लावतेस कशाला, असं विचारल्यावर म्हणाली, पाय लावला नाही तर चालणार कोण?

तिचा एकुलता एक मुलगा गोकुळ. घड वाहण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. नवरा लवकर गेलेला, त्यामुळे अक्काचं सगळं जग त्या पोरात. एका हंगामात त्याचीही कंबर धरली. अक्काने पाय लावला, पाटापर्यंत नेलं, आणि परत येताना त्याच्या उजव्या पायातली चप्पल वाटेत निसटून पडली. गोकुळला पत्ताच नाही. अक्काने ती चप्पल उचलली आणि त्याच दुपारी त्याला जळगावला न्यायला लावलं. पायाचा तळवा बधिर झाला म्हणजे हे आपलं काम नाही, एवढं ती ओळखून होती. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं की पडून राहायचं नाही. थोडं थोडं, पण सकाळ-संध्याकाळ चालायचंच.

आणि मग भेटायला येणारे सुरू झाले. प्रत्येकाच्या हातात सफरचंदं आणि तोंडात एकच वाक्य, पडून राहा. अक्का त्याला उठवून अंगणात फिरवायची तेव्हा हेच लोक कुजबुजायचे, बाई आहे का कोण आहे. स्वतःच्या पोराला पाय लागू पडला नाही म्हणून सूड उगवते आहे, असंही एक जण बोलला. अक्का ऐकून घ्यायची. सुनेला मात्र एकदा म्हणाली, "खाट गोड लागस. मंग तीच माणूसले खाई टाकस."

तरी हळूहळू तो पाटाच्या निम्म्या वाटेपर्यंत, बांधाजवळच्या कडुलिंबापर्यंत जाऊ लागला होता. तेवढ्यात बोदवडहून त्याचे सासरे गाडी घेऊन आले आणि आरामासाठी जावयाला घेऊन गेले. माणसं वाईट नव्हती, हेच तर दुर्दैव. आमच्याकडे जावयाने उठून पाणी घेतलं तरी सासरची मान खाली जाते; हा तर आजारी जावई. मऊ गादी घातली. ताट गादीवर, हात धुवायला तस्त गादीवर. जावई गल्लीत लंगडत फिरतोय, हे लोकांना दिसणं त्यांना सोसणारं नव्हतं. मला आजही त्या मायेची चीड येते.

अक्का बसने बोदवडला गेली. व्याह्यांनी पाहुणचार केला, पण पोराला सोडलं नाही. सण तोंडावर आहे, असं जावयाला पाठवलं तर लोक काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. गोकुळही सुस्तावला होता. म्हणाला, "माय, चार दिन ऱ्हाऊ दे." त्याची पोटरी सुजलेली तिला दिसली होती. डॉक्टरांना दाखवा म्हणाली, तर ते म्हणाले, सण झाला की दाखवू. ती एकटी परत आली. सणाच्या आदल्या दिवशी फोन आला. पायात रक्ताची गाठ झाली होती, ती वर छातीत गेली. गोकुळ गादीवरच गेला.

तेरावं झालं आणि अक्का उंबऱ्यावर बसली, ती बसलीच. कुणी कंबर धरून आलं तर मान हलवून परत पाठवायची. मी महिनाभर रोज तिच्यासमोरून जात होतो. एका सकाळी चपला घालून तिच्यापुढे उभा राहिलो. म्हटलं, ऊठ अक्का, पाटापर्यंत जाऊ. ती म्हणाली, "माले आते कोठे जावानं शे?" मी नुसता उभा राहिलो. शेवटी उठली, माझीच दया आली असावी.

लिंबाजवळ आल्यावर ती बांधावर बसली. इतक्या वर्षांत वाटेत बसलेलं मी तिला पाहिलं नव्हतं. मग तिने मान वळवली आणि गावाकडच्या रस्त्याकडे बराच वेळ बघत राहिली. मी हळूच म्हणालो, "अक्का, मागे बघायचं नसतं ना?"

"गोकुळ मांगे येस का, इतलंच देखं," ती म्हणाली.

तिथूनच आम्ही परतलो. त्यानंतर ती चालायला आली नाही, आणि उन्हाळा लागायच्या आत गेली. माझी कंबर आता दुखत नाही. ऊन असो, थंडी असो, रोज पाटापर्यंत जातो. लिंबाजवळ बसत नाही. मागे मात्र बघतो.