काट्यावरचा देव

मुरुडला आमच्या शेजाऱ्यांचा मासळीचा जुना ट्रक आहे. चढ आला की तो उकळतो. मासळीच्या पेट्यांतून गळणारं बर्फाचं खारट पाणी ते रेडिएटरमध्ये ओततात, त्यामुळे आत गंज धरलाय. कूलंट घाला म्हटलं की माझीच कीव करतात. "कशाला ता रंगीत पानी? ह्यो बर्फाचा हाय ना, थंडगार!"

तापमानाचा काटा लालवर गेला की त्यांच्या जिवाला घोर लागायचा. म्हणून त्यांनी काट्यावर देवाचा फोटो चिकटवला. घोर संपला.

परवा चढावर इंजिन पुन्हा उकळलं. वाफ केबिनमध्ये शिरली, फोटो गळून पडला आणि काटा दिसला. आता तरी हे गॅरेजला जातील, असं मला वाटलं.

ते बाजारात गेले आणि जरा मोठा फोटो घेऊन आले.