ब्रेक शोधणारा पाय

विजेवरची गाडी घेतली त्याला आता दीड वर्ष होईल. मी राहते अमरावतीला आणि शिकवते अकोल्याच्या एका कॉलेजात. रोजच्या जाण्यायेण्यात जुन्या गाडीच्या क्लचने माझा डावा गुडघा धरला होता. नव्या गाडीला क्लच नव्हताच, आणि विकणाऱ्याने एक बटण दाबून दाखवलं, त्यानंतर ब्रेकलाही फारसं काम उरलं नाही. पेडल दाबलं की गाडी पळते, पाय सैल केला की आपोआप मंदावते, पूर्ण उचलला की थांबते. थांबताना बॅटरीत थोडी वीजही परत जाते.

पंधरा दिवसांत पायाला ते जमलं. बडनेऱ्याच्या गर्दीतूनही मी न थकता घरी पोचायला लागले. स्वभावाने मी घाईची; एक काम करताना मन पुढच्या तिसऱ्या कामात असतं. एकच पेडल मला सोयीचं वाटलं ते त्यामुळेच असावं.

आईला मात्र ही गाडी सोसेना. माझा पाय जरा हलला की ती पुढे झुकायची, मग मागे. मूर्तिजापूर येईपर्यंत तिला मळमळायला लागायचं. एकदा रस्त्याच्या कडेला उलटी झाल्यावर तोंड धुताधुता ती म्हणाली, "काहून व, गाडी चालवून रायली का धक्के देऊन रायली?"

मला राग आला. पण गेल्या हिवाळ्यात अकोल्याला तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी धक्के टाळायला सांगितलं. तेव्हा तिला तपासणीला नेताना मी ते बटण बंद केलं. जाताना फार जपून चालवली. आई शांत बसली होती, एकदा तर डुलकीही लागली तिला.

येताना जपणं सुटलं. डोळा छान आहे असं डॉक्टर म्हणाले होते. मी सुटल्यासारखी झाले आणि लगेच राहिलेल्या पेपरांकडे, बुडलेल्या मीटिंगकडे मन धावलं. बडनेऱ्यात पुढची ऑटो एकदम थांबली. मी नेहमीसारखा पाय उचलला आणि गाडी थांबायची वाट पाहिली.

गाडी तशीच पुढे जात राहिली. ब्रेक कुठे आहे हे मला माहीत होतं, पायाला आठवायला वेळ लागला. शेवटी जोरात दाबला तोवर आमचा बंपर ऑटोला टेकला होता. आईने दोन्ही हात डोळ्यावर धरले होते.

ऑटोवाला उतरला. मागून आपली ऑटो पाहिली, मग खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "लागलं नाई काई, ताई. पण पाय कुठी होता तुमचा?"

माझ्याआधी आईच बोलली, "पाय जागेवरच होता, भाऊ. ध्यान नव्हतं तिचं."

तिथूनच डॉक्टरांना फोन केला. दुखत नसेल, पाणी येत नसेल तर काळजी नको, असं ते म्हणाले. तरी संध्याकाळपर्यंत मी तिला दर थोड्या वेळाने दिसतं का विचारत राहिले. शेवटी ती कंटाळून शेजारी जाऊन बसली.

पुढच्या रविवारी वलगावच्या रस्त्यावर मी बटण बंद ठेवून सराव केला. रस्ता मोकळा असताना प्रत्येक झाडाआधी ब्रेक. शिकाऊ माणसासारखी लाज वाटत होती.

आता आई सोबत असली की बटण बंद, एकटी असले की चालू. ते पूर्ण सोडायला पाय तयार नाही, आणि गर्दीत खरोखर सुख आहे त्याचं. पण ते निवांतपण गेलं. निघताना बटण चालू आहे की बंद ते पडद्यावर दोनदा पाहते, बोरगावला पुन्हा पाहते. आणि कधी मोकळ्या रस्त्यावर काही कारण नसताना ब्रेकवर पाय ठेवून बघते. मागचा गाडीवाला हॉर्न देतो.